उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना तलावावर गळाने मासे धरायला शिकवायचे आहे

दुधनाकाठ (सेलू)

मे महिन्यात दोन्ही बहिणींची मुले आमच्याकडे सुट्टीला येणार आहेत. वये आठ ते तेरा. सगळी पुण्यात वाढलेली असून पोहायला फक्त थोरल्या भाच्याला येते. या मुलांना काही महिन्यांपासून अमेरिकेतील तलावांवर बास मासा धरण्याच्या चित्रफितींचे वेड लागले आहे. थोरल्याने साठवलेल्या पैशांतून कार्बनची काठी, फिरकीचे रीळ आणि दोन रबरी बेडूक मागवले असून, ‘मामा, तुमच्या तलावात बास आहे का?’ हा प्रश्न मला फोनवर वारंवार विचारला जातो.

मी लहानपणी दुधनेच्या डोहात गळ टाकलेला आहे. परंतु दुसऱ्यांची मुले सोबत घेऊन पाण्यावर जाणे ही वेगळी जबाबदारी आहे, याची मला जाणीव आहे. आमच्यापासून निम्न दुधना प्रकल्प जवळ आहे, शिवाय गावालगत एक साठवण तलाव आणि एक पाझर तलाव आहे. नवशिक्या मुलांना कोणत्या पाण्यावर न्यावे, कोणता मासा डोळ्यांसमोर ठेवावा, साहित्य काय असावे, परवानगी कोणाची घ्यावी आणि आपल्याकडच्या उन्हात हे सारे कसे जमवावे, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

लातूरकर टेक्सासमधून

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गेली काही वर्षे माझ्या शनिवार-रविवारच्या सकाळी बासमागेच जातात. मराठवाड्यातील तलावांत बास नाही. मोठ्या तोंडाचा बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला मासा. तो पाणगवताच्या किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून काही हलत गेले की झडप घालतो. म्हणूनच रबरी बेडूक, चमचे (चकाकणारी धातूची आमिषे) आणि खोट्या माशांचा एवढा मोठा बाजार त्याच्याभोवती उभा राहिला. या माशाचा जागतिक विक्रम सुमारे १० किलोंचा आहे. तो १९३२ साली जॉर्जियात झाला आणि २००९ साली जपानच्या बीवा सरोवरात त्याची बरोबरी झाली. भाच्याला हे सांगितले तर तो खूश होईल. मात्र जपानची उरलेली गोष्टही सांगावी. तिथे १९२५ साली हौसेने आणलेला हा मासा पुढे स्थानिक माशांच्या मुळावर उठला आणि अखेर २००५ साली त्याला उपद्रवी परदेशी जातींच्या कायद्याखाली आणावे लागले. तेव्हा ‘आपल्याकडेही सोडू या’ असा विचार कोणाच्या मनात आला, तर तो तिथेच थांबवावा.

स्वभावाने बासच्या सर्वांत जवळचा आपला मासा म्हणजे मरळ. तोही दबा धरतो, तोही बेडकावर झेपावतो. पण एक धोका आधीच सांगून ठेवतो. चित्रफितींत लोक बासच्या तोंडात अंगठा घालून, खालचा ओठ चिमटीत पकडून त्याला उचलतात. बासचे दात खरखरीत, बारीक असतात, म्हणून ते चालते. मरळीचे दात टोकदार आणि जबडा दणकट असतो. मुलांनी पाहून पाहून तीच सवय हाताला लावून घेतली असेल, तर पहिल्याच मरळीला अंगठा रक्तबंबाळ होईल.

गोदेचा गळकरी (नांदेड)

धागाकर्त्यांना माझे पहिले सांगणे असे, की कार्बनची काठी आणि रबरी बेडूक पहिल्या सुट्टीत कपाटातच राहू द्यावेत. यात काटकसरीचा भाग नाही. फेकण्याच्या काठीने मूल फेकायला शिकते. मासा काय करतो हे कळायचे असेल, तर गळ एका जागी आणि नजर तरंगावर (दोऱ्याला ओवलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यावर) राहावी लागते. शिवाय मरळ सकाळभरात एखादी झेप घेईल किंवा घेणारही नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाचा धीर अर्ध्या तासात संपतो. तीन-चार मुले शेजारी उभी राहून तिहेरी आकड्याचे बेडूक भिरकावू लागली, तर पाण्यातल्या मरळीपेक्षा काठावरचे कानच आधी गळाला लागतील.

नवशिक्यांचा मासा चिलापी (तिलापिया). अनेक जाणकार तिच्या नावाने नाक मुरडतात. १९५२ साली आफ्रिकी चिलापी भारतात आली आणि पुढे तलावातलावांत माजली, ही तक्रार खरीच आहे. पण मुलांच्या दृष्टीने तिच्यासारखा मासा नाही. ती काठाजवळ, कमरेपेक्षा कमी पाण्यात फिरते, गांडूळ असो की कणीक, दोन्ही खाते, आणि उन्हाळ्यात भूक धरून असते. नर उथळ पाण्यात तळ उकरून गोल खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते. मे महिन्यात पाणी मागे सरकते, तेव्हा काठच्या वाळत चाललेल्या गाळावर परातीएवढे हे खळगे ओळीने उघडे पडलेले दिसतात. मुलांना आधी ते दाखवावेत. जिथे काठावर असे खळगे आहेत, तिथून आत, चार-पाच हातांवर गळ टाकावा. तलाव वाचायचा हा पहिला धडा आहे आणि त्यासाठी कसलेही उपकरण लागत नाही.

साहित्याविषयी. आठ-नऊ फुटांचा, शेंड्याकडे निमुळता झालेला हलका बांबू घ्यावा. शेंड्याला काठीच्याच लांबीचे बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) बांधावे, रीळ नको. गळ दहा किंवा बारा नंबरचा असावा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवावे, कारण विक्रेता हमखास मोठा गळ हातात देतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. त्यामुळे काही मासे सुटतील, परंतु मुलाच्या बोटात किंवा शर्टात गेलेला गळही तितक्याच सहज सुटेल. शिशाचा एकच बारीक मणी पुरतो. तरंग विकत घेण्याची आवश्यकता नाही. कडब्यातले वाळलेले धाट सोलून आतल्या भेंडाचा बोटभर तुकडा काढावा आणि त्यात तंगूस ओवावे. तासाभराने पाणी पिऊन तो बसू लागतो, तेव्हा दुसरा लावावा. हा तरंग मुलांनी स्वतः करावा. स्वतः केलेल्या तरंगाकडे मूल अधिक वेळ पाहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आमिष म्हणून गांडूळ उत्तम. पण मे महिन्यात जमीन तडकलेली असते आणि कुदळ मारून काही हाती लागत नाही. रांजणाखालची ओल, मोरीचे पाणी मुरते ती जागा किंवा कोणाचा गांडूळखताचा वाफा, एवढ्याच जागा उरतात. गांडूळ अख्खे लावू नये. नखाएवढा तुकडा लावावा, नाहीतर चिलापी शेपूट ओढून नेते आणि गळ कोरा राहतो. कणीक लावायची असल्यास ती गव्हाचीच हवी. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, पाण्यात पडताच ते विरघळते. ज्वारीची भाकरी मात्र चुरून, मुठीने पाण्यात टाकायला चांगली. मासे जागेवर जमतात.

आता खरा भाग. चिलापी गळाला तोंड लावते तेव्हा तरंग बुडत नाही, थरथरतो. मुले इथेच हिसका देतात आणि रिकामा गळ मागच्या बाभळीत अडकतो. थरथर म्हणजे मासा आमिष चाखतो आहे. त्यानंतर तरंग तिरपा होऊन एका बाजूला चालू लागतो. तेव्हा काठी मनगटाने, वीतभर, वर उचलायची, मागे ओढायची नाही. कधी तरंग बुडण्याऐवजी पाण्यावर आडवाच पडतो. तळाशी चरणाऱ्या माशाने शिशासकट आमिष उचलले, असा त्याचा अर्थ. मोठ्या माणसाने मुलाच्या मागे बसून यातील प्रत्येक हालचाल हळू आवाजात सांगत राहावी. ‘आता ओढ’ असे ओरडू नये, ती वेळ मुलालाच ठरवू द्यावी.

आणि मोठ्या माणसाने स्वतः गळ टाकू नये. एकदा आपला तरंग पाण्यात पडला, की मुलांवरचे लक्ष गेले.

सचिव, एक मच्छीमार संस्था (बीड जिल्हा)

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु परवानगीचा प्रश्न मागे राहू नये म्हणून लिहितो. आपल्याकडील बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिले) विकत आणून पाण्यात सोडते आणि ती वाढेपर्यंत राखण करते. हे मासे नदीच्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात; साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही, त्यामुळे तलावातला जवळजवळ प्रत्येक कटला हा कोणीतरी पैसे देऊन सोडलेला मासा असतो. अनेकांना तलाव म्हणजे सरकारी, मोकळे पाणी वाटते आणि मग काठावर वाद होतात. आपला तलाव कोणत्या संस्थेकडे आहे, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळते. बहुधा गावातच कळते. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना आधी भेटावे, मुलांना शिकवायचे आहे असे स्पष्ट सांगावे. हौशी गळासाठी पास किंवा शुल्क असेल तर ते भरावे. बहुतेक ठिकाणी मुलांच्या बांबूच्या काठीला कोणी नाही म्हणत नाही; न विचारता आलेल्यांचा मात्र राग येतो.

मोठ्या जलाशयांपैकी पैठणचा नाथसागर या कामासाठी मनातून काढून टाकावा. तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथे वनविभागाचे नियम लागू होतात. येलदरी धरणाच्या भिंतीखाली, नदीपात्रात, मुलांना कधीही उतरवू नये. तिथे वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले जाते आणि कोरडे वाटणारे पात्र बघता बघता भरते. पिण्याच्या पाण्याच्या जॅकवेलजवळ (पाणी उपसण्याच्या विहिरीजवळ) कोणत्याच तलावावर बसू नये.

धागाकर्त्यांच्या तीन पर्यायांविषयी माझे मत असे. निम्न दुधना हे मोठे, वाऱ्याचे पाणी आहे. नवशिक्यांना तिथे तरंग दिसणार नाही. पाझर तलाव बहुतेक १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून झालेले असून पाणी मुरवण्यासाठीच बांधलेले आहेत. मे महिन्यापर्यंत त्यांत चिखल उरतो. साठवण तलाव निवडावा. मात्र पाणी मृतसाठ्याच्याही (दारातून सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्याच्याही) खाली गेले असेल तर तिथेही जाऊ नये. त्या दिवसांत उरलेल्या डबक्यात मासे कोंडलेले असतात, संस्था जाळ्याने ते काढून घेण्याच्या घाईत असते आणि त्यात मुलांनी मध्ये येणे कोणाच्याच सोयीचे नसते. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या कित्येक तळ्यांत गळ टाकण्यापुरतेही पाणी नव्हते.

आणखी एक. पाण्यात आमची जाळी लावलेली असतात. पांढरे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसतील. तिथे गळ टाकू नये. आमचे लोक ज्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात, त्यावर मुलांना ‘एक फेरी’ म्हणूनही बसवू नये. आमच्या माणसाने हौसेने बोलावले तरी नको.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे आभार. साठवण तलाव नक्की करतो. संस्थेचे सचिव आमच्या गावातच राहतात, त्यांना या आठवड्यात भेटतो. कार्बनच्या काठीविषयी मात्र भाच्याची समजूत काढणे अवघड जाणार आहे. तो तेरा वर्षांचा आहे आणि बांबू ही ‘लहान मुलांची गोष्ट’ आहे, असे त्याचे मत आहे. त्याच्यासाठी काही मधला मार्ग आहे काय?

लातूरकर टेक्सासमधून

मधला मार्ग आहे. पहिले काही दिवस त्यालाही बांबूच द्यावा, पण लहान भावंडांच्या गळांना आमिष लावण्याची आणि मासा सोडवण्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी. तेरा वर्षांच्या मुलाला सामानापेक्षा अधिकार अधिक आवडतो. पुढे एका संध्याकाळी लहानांना घरी ठेवून त्याला एकट्याला रबरी बेडूक घेऊन न्यावे. तेही कोरड्या शेतात, बेडकाचे आकडे काढून, बादलीवर नेम धरण्याचा सराव झाल्यानंतरच. मरळीचे फुप्फुसासारखे अवयव तिला हवेतला श्वास घेऊ देतात, त्यामुळे ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेऊन जाते. बेशरमाची झुडपे पाण्यात झुकलेली असतात किंवा पाणकणसाचे बेट असते, त्याच्या कडेला संथ पाण्यावर एकच मोठा बुडबुडा आणि गोल वलय दिसले, की जागा ओळखता येते. बेडूक त्या जागेच्या पलीकडे टाकून तिच्यावरून हळूहळू आणावा. अचूक त्या जागी आपटू नये.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर मात्र मरळीच्या मागे जाऊ नये. त्या काळात नरमादी पिलांची राखण करतात. पृष्ठभागाखाली लालसर पिलांचा पुंजका एकत्र फिरताना दिसतो आणि त्याच्यावर काहीही आले की पालक झेप घेतात. ती झेप भुकेची नसते. पालक काढून नेला, तर पिले इतर मासे फस्त करतात. बासच्या बाबतीतही नर घरट्याची राखण करतो.

परवान्याविषयी मुलांना सांगण्यासारखे: आमच्या राज्यात सतरा वर्षांखालील मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, पण लांबीची आणि संख्येची मर्यादा त्यांनाही लागू होते. चौदा इंचांपेक्षा लहान बास सामान्यतः ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचपेक्षा जास्त नेता येत नाहीत. मुलांच्या खिशात मोजपट्टी असते. ही सवय चिलापीवरही लावता येईल.

शिक्षिका (हिंगोली)

आमच्या शेजारच्या मुलामुलींना मी दर सुट्टीत तलावावर नेते. वर साहित्याविषयी पुरेसे लिहिले गेले आहे. मी काठाविषयी लिहिते, कारण मला त्याचीच अधिक धास्ती वाटते.

अलीकडे जवळपास प्रत्येक तलावातून उन्हाळ्यात गाळ काढून शेतात नेला जातो. शेतीसाठी हे काम चांगलेच आहे. पण यंत्राने उकरलेल्या खड्ड्याची बाजू भिंतीसारखी सरळ असते आणि पुढच्या वर्षी त्यावर पाणी आले, की वरून काहीच दिसत नाही. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या मुलाचे पुढचे पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडते. जुन्या माणसाला माहीत असलेला उतार आता तिथे राहिलेला नसतो, म्हणून ‘आम्ही लहानपणापासून इथे उतरतो’ या भरवशावर राहू नये. मी मुलांना नेण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाते आणि लांब काठीने काठ ठोकून पाहते. गाळाच्या वाहनांची जुनी वाट जिथे पाण्यात शिरते, ती बाजू सरळ वर्ज्य करते. आमचा नियम एकच आहे: घोटा भिजला की त्या दिवसाचा गळ बंद. याला अपवाद नाही. माझ्या स्वतःच्या मुलीचीही काठी मी दोनदा काढून घेतलेली आहे.

दुसरे, पाणी ओसरलेल्या काठावरचा काळा गाळ वरून पापडासारखा वाळलेला दिसतो, आत तो ओलाच असतो. त्यात पाय रुतला की मूल घाबरून दुसरा पाय जोर लावून रोवते आणि अधिक अडकते. बसण्यासाठी मुरमाड किंवा दगडी काठ शोधावा. धरणाच्या भिंतीवरचे पिचिंग (दगडांचे अस्तर) सोयीचे वाटते, पण त्या दगडांवर शेवाळ असते आणि फटींमध्ये साप असतात.

तिसरे, तलावाच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या केबली गवतातून, कधी पाण्यातून गेलेल्या असतात. जोडाला नुसती चिकटपट्टी असते. जिथे मोटार आहे, तिथून दूर बसावे. वरून तारा गेल्या असतील तर काठी उभी धरून चालू नये. भाच्याची कार्बनची काठी तर वीज फार चांगली वाहून नेते.

दोन मुलांमागे एक मोठे माणूस, असे प्रमाण मी ठेवते, आणि त्यांपैकी किमान एकाला पोहता यावे लागते. सोबत लांब दोरीला बांधलेला, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन असतो. कोणी पाण्यात पडल्यास आधी तो फेकायचा, आपण उडी मारायची नाही, हे मुलांकडूनही पाठ करून घेतलेले आहे. जीवरक्षक जाकिटे मिळाली तर अवश्य घ्यावीत.

मुलींविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. तलावावर न्यायचे म्हटले की घरोघरी मुलगे तयार केले जातात आणि मुलींना डबे भरायला सांगितले जाते. धागाकर्त्यांच्या भाचरांत मुली असतील, तर त्यांच्याही हातात काठी द्यावी.

बालरोगतज्ज्ञ (लातूर)

ताईंनी मुख्य गोष्टी सांगितल्या आहेत. वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि तलावाकाठी पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन वेगळे लागते. सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो. तेव्हा काठावर असावे आणि नऊच्या आत घरी यावे. रिकाम्या पोटी नेऊ नये. पाण्यासोबत मीठ घातलेले ताक किंवा जलसंजीवनी द्यावी. मागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट पाजावेत, कारण तरंगाकडे टक लावून बसलेले मूल तहान विसरते. मूल चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर गळ गुंडाळून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी असल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

गळ रुतला आणि उलटा काटा आत गेला असेल, तर ओढून काढू नये; तंगूस कापून, गळ आहे तसा झाकून दवाखान्यात यावे आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी. डोळ्याजवळ लागल्यास हातही लावू नये. शिंगी माशाच्या पंखातला काटा विषारी असतो आणि विलक्षण ठणकतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना बरीच उतरते. बुडता बुडता वाचलेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची आपल्याकडची पद्धत घातक आहे. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब हेच करायचे असते. मुलांना नेणाऱ्या प्रत्येकाने ते आधी प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

संध्याकाळी जाणाऱ्यांसाठी: या दिवसांत वळवाचे ढग दुपारनंतर उठतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. गडगडाट ऐकू आला की काठ सोडावा, आणि बाभळीखाली थांबू नये.

माळकरी घरातला (धाराशिव)

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या घरी आई-वडील माळकरी आहेत, मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. पण माझ्या मुलाला हा नाद लागला आहे. धरून पुन्हा सोडून दिले, तर त्यात हरकत नसावी, असे मला वाटत होते. जाणकारांचे मत काय?

गोदेचा गळकरी (नांदेड)

तुमच्या घरच्या आचाराविषयी मी बोलणार नाही, तो तुम्ही आणि वडीलधारी ठरवाल. माशाच्या बाजूने मात्र सांगतो. मे महिन्यात धरून सोडणे दिसते तितके दयाळू नसते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. झुंजून थकलेला मासा कोमट पाण्यात सोडला, तर तो पोहत जाताना दिसतो, पण काही वेळाने तळाशी मरू शकतो. सोडायचाच असेल तर हात आधी ओले करावेत, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही, मासा पाण्याबाहेर काढूच नये, पाण्यातच गळ फिरवून सोडवावा, फोटो नको. चिलापी हातात घ्यावी लागलीच, तर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचे काटे मिटवून धरावी. आणि दोन-तीन मासे झाले की थांबावे.

लातूरकर टेक्सासमधून

याला दुजोरा देतो. आमच्याकडे बास सोडून देण्याचा मोठा बोलबाला आहे, पण कडक उन्हाळ्यात सोडलेले मासे अधिक मरतात, हे इथले जाणते मच्छीमारही मान्य करतात.

सचिव, एक मच्छीमार संस्था (बीड जिल्हा)

आमच्यापुरते सांगायचे तर चिलापी परत सोडू नये, असेच आम्ही म्हणतो. ती आमच्या बोटुकलीचे खाद्य खाते. कटला, रोहू, मृगळ अर्ध्या किलोच्या आत असेल तर सोडावा, ती आमची पुढच्या वर्षाची कमाई आहे. धाराशिवच्या सद्गृहस्थांनी धरलेली चिलापी काठावरच्या आमच्या माणसाला दिली, तरी ती वाया जाणार नाही. मारायची असेल तर मुलांसमोर टोपलीत तडफडत ठेवू नये; डोक्यावर एक नेमका घाव घालून लगेच मारावी.

दुधनाकाठ (सेलू)

संस्थेच्या सचिवांना भेटलो. पास नको म्हणाले, फक्त जाळ्यांची बाजू सोडून बसण्यास सांगितले आणि काढलेल्या गाळाचे खड्डे स्वतः येऊन दाखवले. उत्तरेचा संपूर्ण काठ त्यामुळे बाद झाला. पूर्वेला मुरमाड उतार आहे, सकाळी तिथे लिंबाची सावलीही पडते. बहीण आणि मेहुणे सोबत येणार आहेत. भाच्याने आमिषाची जबाबदारी स्वीकारली आहे, बेडूक मात्र उशाशी घेऊन झोपणार असे दिसते.

एक शेवटची शंका: काल पाहणीसाठी उजाडताना गेलो, तेव्हा बरेच मासे पृष्ठभागावर तोंड उघडून होते, तरी भाकरीच्या चुऱ्याला एकानेही तोंड लावले नाही. असे पहिल्याच दिवशी मुलांसमोर झाले तर काय करावे?

गोदेचा गळकरी (नांदेड)

ते मासे खाण्यासाठी वर आले नव्हते. रात्रभर पाण्यातली शेवाळ आणि वनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मासे वरच्या पातळ थरातले पाणी ओढू लागतात. ऊन पडून शेवाळ कामाला लागली की तासाभरात ते खाली जातात आणि मग खायला लागतात. तोवर मुलांना काठावरचे खळगे दाखवावेत, तरंग करायला बसवावे, गळाला गाठ मारायला शिकवावी. साडेसहानंतर वाऱ्याची झुळूक ज्या काठाकडे येते आहे तिथे बसावे, तिथले पाणी हललेले असते. तरीही तरंग हलला नाही, तर जागा लगेच बदलू नये, आधी खोली बदलावी. तरंग वीतभर वर सरकवून आमिष तळाजवळ न्यावे, दहा मिनिटे पाहावे, मग वीतभर खाली. सलग दोन-तीन पहाटे मासे असेच वर दिसले आणि काही पालथे तरंगू लागले, तर संस्थेच्या सचिवांना तेव्हाच कळवावे. त्यांना जाळी टाकून मासे वेळेत काढून घेता येतील.